लेबलावरचं ‘मुलांले’

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी चष्म्याकडे जातो. तुम्ही दोघं नातवंडं फोनवर माझ्या तोंडून ‘मले’, ‘तुले’ ऐकून खिदळता ना, त्याच ‘ले’ची ही गोष्ट आहे. नावं कुणाचीच घेणार नाही. बाकी घडलं तसंच सांगते.

माझं शिक्षण अमरावतीच्या कॉन्व्हेंटमधलं. घरी चुकून ‘मले’ म्हटलं तर आई पूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. पुढे पोलिसात आले आणि लवकरच कळलं, की ‘मला’ म्हणणाऱ्या बाईसमोर वऱ्हाडातला माणूस मन मोकळं करत नाही. आईने घालवलेला ‘ले’ मी परत आणला.

निवृत्ती जवळ आली होती. अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळीकडच्या एका ठाण्याची मी ठाणेदार होते. कपाशीवर फवारणीचे दिवस. हजेरी घेऊन स्टेशन डायरी चाळत होते, तेवढ्यात अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. एक तरुण बाई आदल्या संध्याकाळी आपल्याच शेतात फवारणी करून घरी आली आणि बेशुद्ध पडली.

“बाटलीवर ज्या औषधाचं नाव आहे, त्याची ही लक्षणं नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “आत दुसरंच काहीतरी आहे. दिसतील त्या लक्षणांवर उपचार चालू आहेत, पण नेमकं विष कळलं तर नेमका उतारा देता येईल. लवकर कळवा, मॅडम.”

नमुना प्रयोगशाळेत जाणार, अहवाल यायला कित्येक दिवस लागणार. त्या बाईकडे तेवढा अवधी नव्हता.

तिची सासू जबाब द्यायला ठाण्यात आली होती. बाटली कोणत्या दुकानातली ते तिने सांगितलं. दुकानदाराला आणायला मी जीप सांगणार, तोच तो स्वतःच दारात उभा. माझा अनुभव असा, की गुन्हेगार बोलावल्यावर येतो आणि घाबरलेला माणूस बोलावण्याआधी येतो. हे गृहस्थ कृषी केंद्रवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. सगळे त्यांना काका म्हणत. हातात पिशवी, पिशवीत तशीच सीलबंद बाटली.

“म्याडम, मले बेड्या घालाच्या असन तर घाला,” काका म्हणाले. “पण मी सील तोडलं नाई. कंपनीची शिशी जशी आली तशी इकली.”

बोगस बियाणं आणि बोगस औषधांवर कडक कायदा करायचं विधेयक तेव्हा आलं होतं. सीलबंद मालासाठी दुकानदारालाही तुरुंग कशाला, म्हणून विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली होती. त्या बंदात काका सर्वांत पुढे. विधेयक अडकलं ते अडकलंच.

“काका, कायदा तुम्ही अडवला. आता ही बाई मी कशी वाचवू?”

“कायद्यात खोट होती, म्याडम. आमी काही बाईच्या विरोधात नव्हतो!”

“मान्य. कायदा येईल तेव्हा येईल. आज दुपारपर्यंत तुम्ही काय करता ते सांगा.”

काकांनी पिशवीतली बाटली माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा लावला आणि बाटली उजेडाकडे धरली. छपाई चकचकीत. पत्ता गुजरातचा. सूचनांची बारीक अक्षरं वाचत गेले आणि एका ओळीवर अडकले: ‘औषधापासून लहान मुलांले व जनावरांले दूर ठेवावे.’

मी खुर्चीतून उठलेच. “हवालदार, ही ओळ वाचा!”

आमच्या हवालदाराने मोठ्याने वाचली. “बराबर हाय की.”

काकांनी वाचली. “काय चुकलं, म्याडम? लेकरांपासून लांबच ठेवा लागते.”

मला हसू आवरेना. या बाटल्या अख्ख्या तालुक्यात खपल्या होत्या, कितीतरी जणांनी ही ओळ वाचली असेल, आणि कुणाच्याच डोळ्याला ती खुपली नव्हती. खुपणार कशी? ती त्यांच्या घरातली बोली होती. गुजरातच्या छापखान्यात मराठीचं वाट्टेल ते झालं असतं, पण ‘मुलांले’ झालं नसतं.

“काका, हे लेबल आपल्याच पट्ट्यातल्या माणसानं केलंय. माल देऊन कोण गेलं?”

“एक पोरगा येते. इंदूरचा म्हणते. हिंदीच बोलते.”

“फोन लावा. म्हणा, बोंडअळी वाढली, अजून माल पाहिजे.”

काकांचा आवाज पक्का व्यापाऱ्याचा निघाला. “हां भैया, माल खतम हो गया! जल्दी भेजो, नाही तर दुसऱ्याचा घेतो मी!”

पोरगा यायच्या आत काकांनी आणखी एक गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती. संघटनेच्या व्हॉट्सअॅप गटावर बाटलीचा फोटो टाकला आणि आपल्या आवाजात निरोप दिला: “ही शिशी आत्ताच्या आत्ता फळीवरून काढा. इकली असन त्याच्या घरी फोन करा. कोणी नुकसानीचं रडगाणं गायलं, तर मी त्याच्या दुकानात येऊन बसतो.” पार बाळापूरपासून उत्तरं येऊ लागली. मला एवढी दुकानं तपासायला आठवडा लागला असता.

दुपारी पोरगा मोटरसायकलवर आला. साध्या वेशातल्या आमच्या माणसांनी त्याला काकांच्या काउंटरवरच धरला. ठाण्यात आणला तर त्याचं एकच पालुपद: “मैडम, मैं इंदौर का हूँ. मराठी नहीं आती.” हवालदाराने चढ्या आवाजात विचारून पाहिलं. मी हिंदीतून समजावून पाहिलं, दवाखान्यातल्या बाईचं सांगितलं. “मुझे नहीं मालूम.” मी सारखी घड्याळाकडे बघत होते.

व्हरांड्यात बसलेली सासू केव्हा आत आली, कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हवालदाराकडेही नाही. सरळ त्याच्या पुढ्यात बसली.

“बापू,” ती म्हणाली, “त्या शिशीत काय होतं रे? माही सून कालपासून डोळा उघडून नाई राहिली.”

“मावशी, मले खरंच नाई मालूम, मी तं फक्त पोचवून देतो...”

त्याने जीभ चावली. हवालदाराने कपाळावर हात मारून घेतला. “अरे, इंदूरच्या! मले म्हणतं का बे?”

आपल्या माणसाने आपल्या बोलीत हाक मारली की जीभ आधी उत्तर देते, डोकं मागून येतं. पोरगा रडायला लागला आणि माल जिथून उचलायचा त्या शेडचा पत्ता एका दमात सांगून मोकळा झाला. बाळापूरच्या रस्त्याला, शेताच्या आडोशाला.

दोन पंच, कृषी अधिकारी आणि तपास पथक घेऊन आम्ही निघालो. शेडमध्ये रिकाम्या बाटल्या, लेबलांचे गठ्ठे आणि कोपऱ्यात निळा ड्रम. ड्रमवर मूळ रसायनाचं नाव इंग्रजीत होतं. पंचनामा नंतर. आधी मी डॉक्टरांना फोन लावला आणि ते नाव एकेक अक्षर करून सांगितलं.

पलीकडून आवाज आला, “मिळालं! उतारा आहे आपल्याकडे. नाव पुन्हा एकदा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. मग शेडबाहेर बांधावर बसले आणि पाणी मागितलं. शेडचा मालक आमच्याच भागातला निघाला. लेबलाचा मजकूर त्याने स्वतः लिहिला होता. पुढे कोर्टात काय झालं तो वेगळा विषय आहे.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. अडकलेल्या कायद्याकडे बोट दाखवून मी हात झटकू शकत होते, काकाही झटकू शकत होते. कायदा नसला की माणसाला कोणी अडवत नाही, वाईट करायला आणि चांगलं करायलाही. काकांच्या संघटनेने त्या हंगामात आपणच ठरवलं: मूळ कंपनीकडून खात्री केल्याशिवाय नवा माल फळीवर ठेवायचा नाही, आणि हातमोजे घेतल्याशिवाय कुणाला औषध द्यायचं नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं तर काका म्हणत, “मंग जा दुसऱ्या दुकानात. तिथंबी हेच सांगतीन.” विधेयकाचं घोंगडं मात्र अजून भिजत आहे.

निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या दुकानावरून जात होते. दारावर नवी पाटी होती, हाताने रंगवलेली: ‘हे औषध नाई, जहर हाय. लेकरांले दूर ठेवा.’

काका ओशाळले. “म्याडम, तुमी शिकलेल्या. जरा शुद्ध करून द्या ना.”

काउंटरशी एक बाई हातमोजे घालून बघत होती. ठाण्यात आलेली ती सासू शेजारी उभी होती, म्हणून मी या बाईला ओळखलं. सून पाटीकडे बघत एकेक शब्द जुळवत वाचत होती, “...लेक-रां-ले दूर ठे-वा.”

“राहू द्या, काका,” मी म्हटलं. “बराबर हाय.”