टर्म कशाने भरते?

शब्द चघळायची खोड मला लहानपणापासून आहे. आई म्हणायची, या पोरीच्या तोंडात खडीसाखर टाका, नाहीतर शब्द टाका, दोन्ही सारखीच चोखत बसते. वाचायला मला दादाने शिकवलं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पाठांतराला असा पक्का की ऐकणाऱ्याला धाप लागावी. विचारणं मात्र त्याच्या स्वभावात नव्हतं. मास्तर सांगतील ते खरं, बाबा सांगतील ते त्याहून खरं. घरातलं विचारायचं खातं माझ्याकडे होतं आणि त्याबद्दल मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

दादा मॅट्रिक झाला तेव्हा आमच्या ठाण्याच्या आळीत त्याचा कोण कौतुकसोहळा! खाडीकाठी आमचं लहानसं मिठागर होतं आणि आमच्या घराण्यात बोटाने मिठाचा दाणा पारखणारे पुष्कळ झाले होते, पण इंग्रजी परीक्षा पास झालेला हा पहिलाच. शाळेचे हेडमास्तर स्वतः घरी आले आणि बाबांना म्हणाले, "याला मुंबईला कॉलेजात घाला. बी. ए. होईल. मात्र टर्मा भराव्या लागतील. टर्म भरल्याखेरीज परीक्षेला बसू देत नाहीत."

बाबांना यातला 'भरणे' हा शब्द चांगलाच ओळखीचा होता. जन्मभर ते भरतच आले होते. सारा भरायचा, पट्टी भरायची, एकदा मिठाच्या नाक्यावरच्या अंमलदाराशी वाजलं तेव्हा दंडही भरला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "किती?" हेडमास्तरांनी फीचा आकडा सांगितला. त्या वर्षी मिठाला भाव नव्हता. शेवटी दावणीची म्हैस कल्याणच्या बाजाराला गेली. आई म्हणाली, "पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात. इथं म्हैस गेली, आणि पाण्यात काय आहे ते कुणी बघितलंय?" बाबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दादाला घेऊन ते आगगाडीने मुंबईला गेले, फी दिली आणि दिवेलागणीला परत आले.

दोघंही परत आले, हे मला नवल वाटलं. मी तेव्हा कल्याणच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. दुसऱ्या दिवशी पाहते तर दादा बाबांबरोबर मिठागरावर निघालेला. मी म्हटलं, "अरे, तुझं कॉलेज?"

"टर्म भरली की," दादा म्हणाला.

"पैसं भरलं, टर्म भरली," बाबा म्हणाले. "आता परीक्षेच्या टायमाला जायचं. तवर मीठ कोण बघल?"

मॅट्रिकचा शेवटच्या महिन्यांतला अभ्यास दादाने घरीच केला होता, तसाच हाही करायचा असं दोघांनी धरलं होतं. संक्रांतीनंतर मिठाचा हंगाम जोरात असतो. दादा सकाळी बांधावर आणि दुपारी पुस्तकात. सगळं कसं सोयीचं होतं. माझ्या मनात मात्र त्या शब्दाचा खडा खुपत होता. मी दादाला टर्मचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "मुदत." झालं, म्हणजे अर्थ कळला, असं त्याचं म्हणणं. पण मुदत कुणी भरत नाही, मुदत आपली आपण भरते, हे मला पटकन वाटून गेलं आणि पुढे काही सुचेना.

एके दिवशी सुईण मला बघायला आली होती. मी अवघडलेली, कंटाळलेली. तिला म्हटलं, आणखी किती दिवस हे? ती हसली. "दिवस भरल्याबिगर काय व्हायचं नाय, पोरी. निजून काढ नायतर काम करून काढ, दिवस तुलाच काढायचं."

मी ताडकन उठून बसले. सुईण घाबरली, तिला वाटलं कळ आली. मी ओरडून दादाला हाक मारली. "दादा, दिवस भरतात तशी टर्म भरायची असेल तर? म्हणजे तिथं जाऊन, स्वतः बसून?"

असंच असणार हे दादाला त्याच क्षणी कळलं असावं. तो तसाच हेडमास्तरांकडे धावला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. वर्गात हजर राहून टर्म भरायची असते, फी ही फक्त आत शिरण्यापुरती. बरेच दिवस फुकट गेले होते. आता एकही खाडा पडला नाही तर कशीबशी भरेल, आणि एक जरी पडला तरी वर्ष गेलं. पुन्हा विकायला म्हैस नव्हती.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे पैसंही त्यांनाच द्यायचं आन् पोरगाही?"

मला हसू आलं आणि त्यांची कीवही आली. कॉलेजची खरी किंमत त्या दिवशी आमच्या घराला कळली. फी म्हशीवर भागली होती. पण ऐन हंगामात घरचे दोन हात जाणार होते, ते कुठल्या बाजारात मिळणार? तरी बाबांनी नाही म्हटलं नाही. मुंबईत मांडवीला आमचं मीठ घेणारे एक व्यापारी होते, त्यांच्या वखारीच्या माळ्यावर दादाने झोपायचं, त्यांच्या मुलांना शिकवायचं आणि तिथेच जेवायचं असं ठरलं. तो पहाटेच्या गाडीने गेला.

मला मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं आणि पाठोपाठ ताप भरला. मी राहते की जाते असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. आईने बाबांना सांगितलं, पोराला बोलावून घ्या, बहिणीला बघून जाईल. मला दादा हवा होता, इतका हवा होता की त्याचं नाव घेतलं तरी रडू येत होतं. पण मी म्हटलं, "नको. खाडा पडेल." बाबा दाराशी उभे होते. ते तसेच आल्या पावली मागे फिरले.

मी राहिले. टर्म संपवून उन्हाळ्यात दादा आला तेव्हा मुलगी हुंकार द्यायला लागली होती. सगळं कळल्यावर तो माझ्यावर भयंकर चिडला. मी त्याला पुरतं बोलू दिलं आणि विचारलं, "ते राहू दे. तिथं शिकवलं काय, ते सांग."

तो आधी घुश्शात होता, मग सांगायला लागला. त्यातलं एक ऐकून मी थक्क झाले. म्हणे हवेला वजन असतं, आणि ते थोडंथोडकं नव्हे, आपल्या प्रत्येकाच्या अंगावर मणामणांनी असतं. मी मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. "मग ही एवढीशी चिरडत कशी नाही?"

दादाच्या पुस्तकात हे नव्हतं. "विचारतो," तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दिवाळीला मी मुलीला घेऊन पुन्हा माहेरी आले होते. दादा आला तो उंबऱ्यातूनच सांगत. वर्गात त्याने उभं राहून विचारलं. सगळी मुलं वळून बघायला लागली. शिकवणाऱ्या साहेबांनी पुस्तक मिटलं आणि हा प्रश्न तुला कसा सुचला म्हणून चौकशी केली. दादाने खरं ते सांगितलं, की कल्याणला माझी बहीण असते, तिचा आहे.

"मग?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले, मग उत्तर तिला नीट पोचव. मधे काही गाळू नकोस."

म्हणून दादा ते उत्तर शब्दन् शब्द पाठ करून आला होता. त्याने ते आधी इंग्रजीत म्हटलं, एक अक्षर कळत नसताना मी ऐकलं, आणि मग त्याने मराठीत सांगायला सुरुवात केली, की हवा नुसती वरून दाबत नाही, आपल्या आतूनही तेवढीच बाहेर रेटते.