आबांची निर्दोष सुटका

हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. मला कॅन्सर झालाय हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की डॉक्टरांसमोर हसू आवरेना.

वेड लागलं नव्हतं. पण ते पटायला आधी आबांचं सांगावं लागेल. आबा म्हणजे माझे वडील. नव्वद सालानंतर थोड्याच वर्षांत कोडोलीत घरच्याच खाटेवर गेले. शेवटी शेवटी लघवी तुंबायची, मग कंबरेची हाडं ठणकायला लागली. दुखणं 'तिथलं' आणि तरुणपणी आबांना तमाशाचा नाद, एवढ्यावर गावानं निकाल देऊन टाकला. भावकीतला एक म्हातारा पारावर म्हणाला, "केलं तसं भोगतंय की." मी शेजारीच बसलो होतो. त्याला एका शब्दानं अडवलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. दर शनिवारी कोल्हापुरातून जायचो, आबांची चादर बदलायचो, पण हाताला फडकं गुंडाळून. माझं लहान पोर त्यांच्या मांडीवर जाऊन बसलं, की काहीतरी निमित्त काढून उचलायचो. आबांना कळत होतं. एकदा म्हणाले, "उचल बाबा. म्हाताऱ्याची हाडं टोचत्यात त्याला."

पुढं पन्नाशीला टेकलो आणि मलाही रात्री सारखं लघवीला उठावं लागायला लागलं. मी तर तमाशाचा तंबू बाहेरूनसुद्धा धड बघितलेला नव्हता. तरी भीती तीच, आणि लाजही तीच. बायकोनं शेवटी ओढतच दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, मग सुईनं तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय, ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही. घरात कुणाला होता?"

मी आबांचं सगळं सांगितलं.

"कागद नाहीत म्हणून छातीठोक सांगता येणार नाही. पण लक्षणं तीच आहेत. काही घराण्यांत हा रक्तातून येतो. भाऊ आहे का तुम्हाला?"

"आहे, धाकटा."

"त्यालाही आणा तपासायला. टाळू नका."

मी मान डोलवली. मग आयुष्यात कुणाला विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "डॉक्टर, हा बाईच्या नादानं होतो का?"

"कुणी सांगितलं? ब्रह्मचाऱ्यालाही होतो."

झालं. मला हसू फुटलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, तर ते पाणी नाकातून आलं. काचेच्या दारातून बायकोनं मला हसताना पाहिलं आणि तिचा समज झाला, की रिपोर्ट चांगला आला. मी बिल भरून बाहेर येईपर्यंत तिनं समोरच्या दुकानातून पेढे आणले होते आणि वाटतही सुटली होती. रिक्षावाल्याच्या हातावर पेढा पडला तसा त्यानं विचारलं, "काय पावणं, नातू झाला व्हय?"

"न्हाय," मी म्हटलं, "कॅन्सर."

त्यानं पेढा तसाच हातात धरून रिक्षा चालू केली. बायको घरापर्यंत रडत होती आणि मधूनमधून मला चिमटे काढत होती.

रविवारी स्कूटर काढून कोडोलीला गेलो. भाऊ शेती बघतो, आई त्याच्याकडेच असते. तो अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. मी माझं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मग तपासणीचं काढलं, तसा तो उसळला.

"मला काय धाड भरलीया?"

"आबांनाबी आधी काय झालं नव्हतं."

"आबांचं येगळं हुतं."

"काय वेगळं?"

त्यानं स्वयंपाकघराकडं बघितलं. "दादा, उगं बोलाय लावू नगंस."

म्हणजे यालाही तेच वाटत होतं. मी आयुष्यभर उद्यमनगरात पॅटर्न करतोय. फौंड्रीत ओतायच्या भागाचा आधी लाकडी नमुना लागतो, तो. तेवढीच भाषा मला नीट येते. म्हटलं, "पॅटर्नमध्येच खोट असली, की त्यावरून ओतलेल्या कुठल्याबी कास्टिंगला ती येऊ शकते. कास्टिंग रात्रीचं कुठं गेलतं, हे कोण विचारत नाही."

त्यानं कोयता बाजूला ठेवला. "म्हंजे तमाशाच्या फडाचा काय समंध न्हाय?"

"काय न्हाय."

"इतकी वर्सं मी आबांच्या फोटूला हार घालताना तोंड बघत न्हाय, दादा."

आधी तो हसला का मी, ते आठवत नाही. दोघं पोटं धरून बसलो.

"सुई टोचत्यात व्हय रं?"

"आधी नुसतं रक्त."

"तुझा काय भरवसा? तू कॅन्सरचं पेढं वाटतोस."

आतून आईनं विचारलं, "काय झालं रं खिदळाय?"

"काय न्हाय गं," भाऊ म्हणाला, "दादा फौंड्रीतलं सांगतोय."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या मागं स्कूटरवर बसून आला. रक्त चांगलं निघालं, दरवर्षी तपासायचं ठरलं. माझं ऑपरेशन झालं. पुढं काही महिने हसलं की चड्डी ओली व्हायची आणि भाऊ मुद्दाम विनोद सांगायला यायचा. बायकोशी पूर्वीसारखं काही राहिलं नाही. ते आम्ही कधी हसून, कधी न बोलता घेतलं.

आता आई ऐंशीच्या पुढं आहे. आबा गेल्यापासून तिनं त्यांचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. आबा फडाला गेले असतील. त्यांना मारलं ते फडानं नव्हे. दर खेपेला तिच्यासमोर बसतो, चहा पितो, पावसापाण्याचं बोलतो आणि परत येतो. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तेवढं सांगणं मी तिचं देणं लागतो.