दहाला अठरा

परवा दौंड स्टेशनबाहेर शब्बीरमामा दिसले आणि मी चक्क रस्ता बदलला. इतक्या वर्षांनीही तोंड दाखवायची लाज वाटली... का, ते आज लिहूनच टाकतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत मी नवा केमिस्ट होतो. बीएस्सी फर्स्ट क्लास, त्यामुळे डोक्यात हवा. मामा रिअॅक्टरवर ऑपरेटर, म्हणजे वाफ सोडून औषधाची बंद टाकी तापवायचं काम, शिक्षण सातवी, आणि महिन्याभरात पर्मनंट होणार होते.

नव्या बॅचला सूचना होती, तापमान तासाला दहा अंश सेल्सिअसपेक्षा जास्त वाढवू नका. आमचा रिअॅक्टर परदेशातून आणलेला जुना, त्याचा मीटर फॅरनहाइटचा. सूत्र मला तोंडपाठ... नऊ पंचमांशानं गुणा, बत्तीस मिळवा. बॅचशीटवर मी ठसठशीत लिहिलं, तासाला पन्नास.

मामा शीट घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, पन्नास कसं व्हईल? पाण्याच्या टाकीवरच्या डायलला दोन्ही आकडे हायेत. शेल्शेसमधी दहा वाढलं की दुसऱ्यात अठराच वाढत्यात. रोज बघतोय मी."

मी हसलो. "मामा, गणित माझ्यावर सोडा. तुम्ही वाफ सोडा."

बत्तीसचा फरक सुरुवातीलाही असतो आणि शेवटीही. वाढ काढताना तो उडून जातो, उरतात फक्त अठरा. एवढी साधी गोष्ट, पण सातवी पास माणसाकडून ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

दुपारपर्यंत बॅच करपून काळी झाली. चौकशी लागणार म्हटल्यावर मी ती शीट फाडली आणि नवी लिहिली. त्यावर आकडा घातला, अठरा. मामांचाच.

ऑपरेटरनं सूचना पाळली नाही, असा रिपोर्ट झाला. मॅनेजरनं मामांसमोर ती शीट ठेवली. मामांनी ती सावकाश वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आता आकडा बरोबर हाय, साहेब."

त्याच दिवशी त्यांचा गेटपास काढून घेतला. सहा महिन्यांनी मला प्रमोशन मिळालं.

परवा मी रस्ता बदलला, पण मामांनी मला ओळखलं होतं. लांबूनच हात केला त्यांनी... मी मोबाइल कानाला लावून पुढे निघून गेलो.

मामा फेसबुकवर नाहीत, हे मी आधी शोधून पाहिलं. मगच ही पोस्ट लिहायची हिंमत झाली.