न तुटणारा ब्रेड

डब्यात ज्वारीचं पीठ उरलं होतं ते चार दिवसांचं. मी वाटीनं मोजलं, मग पुन्हा मोजलं, जणू मोजल्यानं ते वाढणार होतं. टाळेबंदीचा दुसरा आठवडा सुरू होता. बायको अकोल्याला अडकलेली, मी आणि आमची आठ वर्षांची मुलगी अमरावतीत राजापेठेतल्या घरात, आणि मधे बंद झालेली जिल्ह्याची हद्द.

बायको अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. एरवी ती दर शनिवारी घरी यायची आणि येताना पीठ आणायची. तिच्या खोलीजवळच्या गिरणीवाल्या बाईनं तिला शब्द दिला होता, की सोमवारी सकाळी गिरणी झाडूनपुसून झाली की पहिलं दळण तिचं, त्यात गव्हाचा कणही जाणार नाही. कारण आमच्या मुलीला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे, पचायला जड जातो असंही नव्हे. तिला सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हाचा थोडा अंश पोटात गेला तरी आतडी सुजतात. हे कळायला डॉक्टरांना दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत पोरगी वाळून काडी झाली, आणि आम्ही तिला ताकद यावी म्हणून तुपात कुस्करलेली पोळी भरवत होतो. ते आठवलं की अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तांदूळ घरात होता, नाही असं नाही. पण सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात असं सुरू केलं की तिसऱ्या दिवशी ती ताट सरकवायची. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, की आता कुठे हिचं वजन भरतंय, ते घसरता कामा नये. तिला आवडायचा ब्रेड. तो भाजायचं काम माझं. मी गणिताच्या शिकवण्या घेतो, माप आणि वेळ पाळायची सवय आहे, म्हणून बायकोनं ओव्हन माझ्या गळ्यात मारला होता. पण ज्वारीला चिकटपणा नसतो. इसबगोल घाला, तांदळाचं पीठ घाला, काहीही करा, सुरी लावली की ब्रेडचा भुगा. मुलगी तो वाटीत घेऊन चमच्यानं खायची आणि त्याला ब्रेडच म्हणायची.

गल्लीतली दुकानं मी दोन दिवसांत पालथी घातली. मैदा नाही, कणीक नाही, ज्वारीचं तयार पीठ तर नाहीच. लोकांना घरात बसून वेळ जात नव्हता, म्हणून घरोघरी केक होत होते आणि मोबाइलवर त्यांचे फोटो फिरत होते. असा एकेक फोटो बघून माझं डोकं फिरायचं. कोणाला केकची हौस आणि कोणाच्या लेकराच्या पोटाचा प्रश्न, पण रांग दोघांची एकच.

माझी बहीण अंजनगाव सुर्जीला दिलेली आहे, तिच्या सासरी शेती आहे. तिनं भाजीच्या गाडीबरोबर दहा किलो ज्वारी पाठवली. त्या गाडीला पास होता, ज्वारीला कोणी विचारलं नाही. पोतं खांद्यावर घेऊन मी जिना चढलो तेव्हा लढाई जिंकल्यासारखं वाटलं. वर आल्यावर लक्षात आलं, की पिठाचा पत्ता अजून नाहीच. आमच्या नेहमीच्या गिरणीवाल्यानं कुलूप लावून गाव गाठलं होतं. दुसरी गिरणी सकाळी दोनच तास चालायची. तिथे मी चुन्याच्या गोलात उभा राहिलो. माझ्यापुढे अकरा डबे, सगळे गव्हाचे. गिरणीवाल्याला म्हटलं, माझं दळण लावण्याआधी गिरणी पूर्ण साफ करून द्या, मुलीला गव्हाची ॲलर्जी आहे. लोकांना पटकन कळावं म्हणून आम्ही ॲलर्जीच म्हणतो. त्यानं रांगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्याचा डबा ओतला. मी त्याला चार शब्द सुनावले, त्यानं मला पाच, आणि मी ज्वारी परत घेऊन घरी आलो.

आता डब्यात दीड दिवसाचं पीठ होतं.

खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा पुण्यात, घरात एकट्या. त्यांच्याकडे घरघंटी आहे. त्या आपणहून म्हणाल्या, आणा खाली, मी दळून देते. मला आधीच का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःवरच चिडलो. दोन किलो ज्वारी घेऊन खाली गेलो, अर्धा तास त्यांची घरघंटी मी स्वतः ब्रशनं झाडली, ओल्या फडक्यानं पुसली, वाळवली. झाडता झाडता काकूंना समजावूनही सांगितलं. समजावलं कसलं, तासच घेतला. ग्लुटेन म्हणजे काय, आतड्याच्या आतल्या बाजूला काय होतं, हातवारे करून सगळं. काकू मान हलवत होत्या. समोरचा मान हलवतोय म्हणजे त्याला कळलं असं नसतं, हे मी वीस वर्षं वर्गात रोज बघतो, पण त्या दिवशी मला ते आठवलं नाही. माझा ऑनलाइन क्लास सुरू होणार होता. काकू म्हणाल्या, “तुमी जा सर, बिनफिकर राहा. दोन किलो त हाय, एवढ्यात होते.”

संध्याकाळी पीठ घरी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रेड लावला.

आणि तो फुगला. ओव्हनच्या काचेतून मी बघत होतो, कड वर आली, वरचा भाग तांबूस झाला, भेग पडली नाही. गार झाल्यावर सुरी लावली तर काप निघाला. अख्खा काप, हातात धरता येणारा, वाकवला तरी न तुटणारा. मला इतका आनंद झाला की खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. शेवटी हात बसला, मला वाटलं. अंजनगावची ज्वारी, माझं माप, आणि हा ब्रेड. त्या क्षणी डोक्यात एकही शंका आली नाही. पोरं गणित चुकूनही उत्तर बरोबर काढतात तेव्हा मी त्यांची वही तपासतो. स्वतःची नाही तपासली.

मुलगी टेबलाशी बसली. तिनं एक घास घेतला आणि थांबली. तिच्या आईनं तिला सवय लावली आहे, कोणाकडेही काहीही खायच्या आधी विचारायचं. तिनं काप खाली ठेवला आणि विचारलं, “बाबा, याच्यात गहू नाही ना?”

मला राग आला. चार दिवस वणवण करून, रांगा लावून, भांडणं करून मी हा ब्रेड केला होता आणि पोरगी मलाच विचारत होती. माझा आवाज चढला. बापावरही भरोसा नाही का, म्हणालो. तिनं मान खाली घातली आणि खाऊ लागली. दोन काप खाल्ले.

मी एक काप ताटलीत घेऊन काकूंना दाखवायला खाली गेलो. कौतुक करून घ्यायला, दुसरं काय. काकूंनी काप हातात घेतला, दाबून बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. “पाहा, कसा मऊ झाला. तुमचा आधीचा नुसता भुगा होऊन राहिला होता, म्हणून त मी दोन ओंजळी गहू टाकले त्याच्यात.”

त्यांच्या हिशेबी त्यांनी चांगलंच केलं होतं. भाकर थापताना तुटू नये म्हणून ज्वारीत थोडे गहू घालायचे, ही त्यांच्या घरची जुनी रीत. गहू पचत नाही म्हणजे जास्त खाऊ नये, थोडा चालतो, साखरेचा आजार असलेल्या माणसाला पेढ्याचा तुकडा चालतो तसा, एवढंच माझ्या तासातून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी जिन्यात उभा राहून ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरखाली दारं उघडली. काकू ताटली धरून तशाच उभ्या होत्या.

वर आलो. मुलगी चित्र काढत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि घड्याळ बघायला लागलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. गेलेला घास परत काढता येत नाही. तिला काही सांगितलंही नाही. तास गेला, दीड तास गेला. मला वाटायला लागलं, कदाचित दोन कापांत तेवढा गहू नसेल. मग तिनं रंगाची कांडी खाली ठेवली आणि पोट धरलं.

दुपारभर उलट्या. पोट टम्म फुगलं, चेहरा पांढराफटक. मी अकोल्याला फोन लावला. बायको ड्युटीवर होती, दहा मिनिटांनी तिचाच आला. मी ब्रेडचं सांगितलं, काकूंचं सांगितलं. ती माझ्यावर रागावली नाही. नर्सच्या आवाजात एकेक विचारत गेली, लघवी होते का, ताप आहे का, घोट घोट पाणी दे, मीठ-साखरेचं, हातपाय गार पडले तर थेट दवाखाना. आणि मग म्हणाली, “तिनं खायच्या आधी विचारलं नव्हतं का?”

मी म्हणालो, नाही.

का म्हणालो? माहीत आहे मला का म्हणालो. फोन स्पीकरवर होता. बायको मुलीशी बोलली, अगदी हळू, किती वेळा सांगितलं राणी, घरचं असलं तरी विचारायचं. मुलगी उशीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. मग तिनं फोनला उत्तर दिलं, “हो आई. चुकलं.”

दवाखान्यात न्यावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत उलट्या थांबल्या, पोट मात्र तीन दिवस दुखत राहिलं. दुसऱ्या दिवशी काकू दारात आल्या. मी त्यांना तोंड दाखवायच्या लायकीचा नव्हतो, पण त्यांनी माझं ओरडणं काढलंच नाही. आत येऊन मुलीच्या पायाशी बसल्या आणि रडल्या. मी पुन्हा समजावायला लागलो, तर हातानं मला थांबवलं. “मले सांगाले पाहिजे होतं ना सर, पोरीचा जन्माचा उपास हाय म्हणून. उपासाच्या दळणात मी गव्हाचा दाणा पडू देला असता का?”

 एवढे शब्द वापरले होते मी, आणि जो एक वापरायचा तो वापरला नव्हता. त्यांनी उरलेली ज्वारी खाली नेली. घरघंटी धुतली, उन्हात वाळवली, आधी वाटीभर भगर दळून ते पीठ फेकून दिलं आणि मग ज्वारी घातली. सोवळ्यातलं दळण, शिवता येणार नाही म्हणून मला दाराबाहेरच उभं केलं.

चौथ्या दिवशी त्या पिठाचा ब्रेड केला. सुरी लावली आणि भुगा झाला. इतका सुंदर भुगा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मुलीनं वाटी पुढे केली. मी समोर बसलो. चार दिवस एक गोष्ट माझ्या मनात घर करून होती, आणि खरं सांगायचं तर ती मला गोड वाटत होती. पोरीनं आईपुढे मला सांभाळून घेतलं, असं मी धरून चाललो होतो. म्हणून विचारलं, की तू तर मला विचारलं होतंस, मग आईला तसं का नाही सांगितलं?

तिनं चमचा तोंडातून काढला. “तुमी चिल्लावले असते ना मंग.”

सहज म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, राग नव्हता. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाली आणि पुन्हा खायला लागली. तिला चव कळली होती, शंका आली होती, तिनं शिकवल्याप्रमाणे विचारलंही होतं. आणि माझा आवाज चढल्यावर तिनं ठरवलं होतं, की यापेक्षा पोट दुखलेलं बरं.

मी उठलो, फोन घेतला आणि तिच्यासमोरच अकोल्याला लावला. बायकोनं उचलल्या उचलल्या घाबरून विचारलं, काय झालं. मी म्हणालो, “तिनं विचारलं होतं.”