मी शुद्ध केलेला बाप

नव्या लेखकांना माझा पहिला सल्ला असतो, की लिहिलेलं मला दाखवू नका. लोकांना हा विनय वाटतो. विनयाशी आपलं कधी जमलं नाही. हा अनुभव आहे.

माझी दोन पुस्तकं निघाली आहेत. पुण्यात त्यांना कुणी विचारत नाही, पण उरवड्याच्या आमच्या कंपनीत मी 'लेखकसाहेब' आहे. तपासणी खात्यात माझं कामच मुळी दुसऱ्याच्या मालातली खोट काढण्याचं. लिहायला सुरुवात कशी करायची, असं कुणी विचारलं की पहाटे उठा, वाचन वाढवा, असं काहीबाही मी ठोकून द्यायचो. स्वतः सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत लोळतो.

आमच्या पॅकिंगला मुळशीतल्या घोटावड्याची एक मुलगी होती. तिनं एकदा कॅन्टीनमध्ये वहीची आठ पानं माझ्यापुढे ठेवली. वर्षापूर्वी वारलेल्या वडिलांची गोष्ट. ती पहिल्यांदा कामाला निघते आणि वडील दारात उभे, एवढंच त्यात होतं. छान होतं. पण वडील गावच्याच बोलीत बोलत होते आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी लातूरकडचा; पुण्यात आल्यावर 'करायलोय'चं 'करतोय' करताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. मग हिला फुकट कसं सोडू? 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही'. दारातल्या वाक्यावर तर मी हसलोच. ते खोडून वर लिहिलं, 'बाळा, डबा घेतलास ना? सावकाश जा.' शिवाय रुबाबात सांगितलं, पक्की प्रत कर आणि जुनी फाडून टाक, म्हणजे चुका परत शिरत नाहीत.

तिनं दोन्ही केलं. मुलगी आज्ञाधारक, हीच पंचाईत.

आठवड्यानं ती पिरंगुटच्या बसथांब्यावर भेटली. पक्की प्रत तिनं आईला वाचून दाखवली होती. आईला आवडली, फक्त तिनं विचारलं होतं की ह्यो मानूस कोन? मी हसलो. ती हसली नाही.

"सर, आबांचा आवाज फोनात कुटंच न्हाई. म्हणून लिव्हलं होतं. आता तुमचंच वाक्य तोंडात बसलंय. दारात ते काय म्हनलं होतं, मलाच आठवंना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाक्य आता फक्त मला माहीत होतं. मी त्याला हसलो होतो, म्हणून लक्षात राहिलं होतं. थांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती. माझ्या लातूरच्या तोंडानं मी मुळशीचं बोललो, "डबा घ्येतला का? मंग जा की. का हितंच ववाळू तुला?"

तिनं पिशवी खाली ठेवली. तिची बस आली, ती चढली नाही.

"परत म्हना," ती म्हणाली.