खळ्यावरच्या चपला

करावे गावच्या गोजराबाईला डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं. साखर वाढली होती. पण सकाळ-संध्याकाळ ती बाजारात मासळी घेऊन बसायची. मोकळी सापडायची ती भर दुपारी, आणि दुपारी गावाशेजारच्या बागेला कुलूप. ही वेळ ठरवणाऱ्याला ताजं पापलेट मात्र दोन्ही वेळा हवं असणार!

बागेचा रखवालदार धर्मराज बीडकडचा. नोकरीची पर्वा न करता त्याने फाटक किलकिलं केलं.

"जावा मावशी. पर सावलीनं फिरा."

आत शिरताना तिने चपला बाहेरच काढल्या.

"देऊळ हाय व्हय हितं?" तो हसला.

"देऊल नाय रं. आमचा खला होता. खल्याव कोन चपला घालून जातं?"

तो हसायचा थांबला. त्याच्या गावीही खळ्यावर कोणी चपला घालून जात नसे.

आता झोपाळे आहेत, तिथे भाताचे भारे रचलेले असत. मळणीचे बैल गोल फिरत, आणि नवी नवरी गोजरा त्यांच्यामागे अनवाणी चालता चालता नवऱ्याकडे चोरून बघे. नव्या भाताचा वास आठवला की अजून तिचा जीव हुळहुळायचा. जमीन शहराला गेली, पुढे नवराही गेला. गोल चालणं तेवढं परत मिळालं, आणि ती खुशीत राहू लागली.

मग एका दुपारी धर्मराजला तापलेल्या फरशीवर तिच्या पावलांचे ओले, तांबूस ठसे दिसले.

"मावशी, पाय भाजलाय तुमचा! फोड फुटलाय. कळलं न्हाई?"

गोजराने तळवा उलटून पाहिला. खरंच कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावल्या. साखरेने पायांची जाणीव गेलीय, आता चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही, चिघळलं तर पाय कापावा लागेल.

जखम भरली तरी गोजरा बागेत फिरकली नाही. चपला घालून खळ्यावर जाणं तिच्या जिवावर आलं होतं. घरी बसून साखर पुन्हा चढली, तेव्हा कुठे ती आली आणि फाटकाशी घुटमळली. धर्मराजने कुलूप काढलं.

चपला पायातच ठेवून ती आत गेली, वाकली आणि फरशीवर हात टेकला.

"माफ कर गो आये."

हाताला चटका बसला. पण तिने हात लगेच उचलला नाही.