हिब्यातले तीन शब्द

“मॅडम, ताबा कुठाय?”

पाटील वकिलांनी माझंच भाषांतर माझ्यासमोर टाकलं. मी भिवंडीत कोर्टकचेरीच्या उर्दू कागदांचं मराठी करून देते. हा कागद हिब्याचा होता. हिबा म्हणजे मुस्लिम कायद्यातलं, जिवंतपणी दिलेलं बक्षीस. पाटलांची अशील रुखसाना शिवणकाम करते ती खोली तिच्या वडिलांनी तिला अशी दिली होती. वडील गेले आणि भाऊ कोर्टात गेले. हिबा पुरा झालाच नाही, खोली सगळ्यांची, असं त्यांचं म्हणणं.

“ताबा दिल्याशिवाय हिबा पुरा होत न्हाय. तुमच्या मराठीत ताब्याचं नावच न्हाय. त्यांचा वकील तेवढंच धरून बसलाय. उद्या तारीख हाय.”

मी मूळ कागद ओढला. ‘ईजाब, कबूल और कब्ज़ा मुकम्मल हुआ.’ आणि माझं मराठी: ‘बक्षीस दिले व मुलीने स्वीकारले.’

आपल्या खरेदीखतात ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने’ असं लिहायची पद्धत असते. तसाच हा शोभेच्या शब्दांचा भरणा समजून मी तिन्ही शब्द एका वाक्यात उरकले होते. कागद सुबक केला होता, आणि वर त्याचा अभिमानही होता.

रुखसाना बाकावर बसली होती. “चाबी अब्बा ने मेरे हाथ में दी थी, मॅडम. आप ने लिखा नहीं?”

मला तिच्याकडे बघवेना.

तिथून उठले आणि रिक्षा करून एका मदरशात शिकवणाऱ्या मुफ्तीसाहेबांकडे गेले. रस्त्यात कंटेनर अडकलेला. शेवटी उतरून चालतच सुटले. मुफ्तीसाहेबांनी कागद वाचला.

“बहनजी, ये तीन लफ्ज़ नहीं, तीन काम हैं. ईजाब, देनेवाले ने कहा. कबूल, लेनेवाले ने माना. कब्ज़ा, चीज़ हाथ में आई. एक भी कम हो, तो हिबा अधूरा.”

“मला वाटलं, लिहिणाऱ्याने सजवलंय.”

“फिक़्ह में कोई सजाता नहीं. हर इल्म के अपने लफ्ज़ होते हैं. पढ़नेवाला पहले पूछता है, ये किस इल्म का है.”

फिक़्ह म्हणजे त्यांचं धर्मशास्त्र, इल्म म्हणजे विद्या. मी विचारलं नव्हतं, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त भाषांतर आणि चूक कबूल करणारं प्रतिज्ञापत्र घेऊन मी उभी राहिले.

भावांच्या वकिलाने विचारलं, “दोन भाषांतरं. खरं कुठलं?”

“दुसरं. पहिल्यात चूक माझी.”

“चूक, की अशिलाची सोय?”

मी मूळ कागद पुढे करून त्या ओळीवर बोट ठेवलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. “बाई, मला उर्दू वाचता येत नाही. आजवर तुमच्यावरच विसंबून होतो ना आम्ही?”

त्यांनी कागद दुसऱ्या भाषांतरकाराकडे पाठवला. पुढच्या तारखेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. घरी मी सगळ्यांवर खेकसत होते.

त्या भाषांतरकाराच्या मराठीत तिन्ही शब्द जसेच्या तसे होते आणि प्रत्येकाखाली अर्थाची टीप. खोली रुखसानाकडे राहिली. निकालात आधार त्याच्या भाषांतराचा आहे, माझ्या नाही. मी ते मागवून वाचलं. माझं सहा पानी होतं, त्याचं नऊ. वाचायला अतिशय कंटाळवाणं. एकही शब्द त्याने गाळलेला नाही.